सहाशे पंचवीसची गोळी: घरी नेल्यावर ती कशी घ्यायची

आमच्या तासगावात या गोळीला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिड असं पूर्ण नाव घेऊन कुणी बोलवत नाही. "ताई, सहाशे पंचवीस द्या," एवढंच. कुणी ऑगमेंटिन म्हणतं, कुणी क्लॅव्हम, कुणी मॉक्सिकाइंड सीव्ही, तर कुणी नुसतंच "ती मोठी पांढरी गोळी". मी फार्मासिस्ट आहे, स्वतःचं मेडिकल चालवते. दाढ सुजली, सायनस भरला, गळू झालं, कानातून पू आला, कुत्रं चावलं, अशा कितीतरी चिठ्ठ्यांवर हीच गोळी असते. गोळी चांगली आहे. पण ती नेमकी कशी घ्यायची हे सांगायला दवाखान्यात कुणाला वेळ नसतो आणि माझ्या काउंटरवर संध्याकाळी सातला उभं राहायला जागा नसते. म्हणून इथे सवडीने लिहिते.

ही गोळी घ्यायची की नाही, किती वेळा आणि किती दिवस, हे तुम्हाला तपासून डॉक्टर ठरवणार. मी सांगतेय ते चिठ्ठी हातात आल्यानंतरचं.

६२५ मध्ये काय काय असतं

५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक ॲसिड, बेरीज ६२५. जंतू मारायचं काम पहिल्याचं. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध. ते जिवाणूला आपली बाहेरची भिंत बांधू देत नाही, आणि भिंत नीट नसली की जिवाणू फुटतो. पण पुष्कळ जिवाणू आता बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम सोडतात. ते एन्झाइम अमॉक्सिसिलिन तोडून टाकतं आणि औषध फुकट जातं. दुसरा घटक, क्लॅव्युलॅनिक ॲसिड, स्वतः जंतू फारसे मारत नाही. ते त्या एन्झाइमला चिकटून बसतं आणि त्याला कायमचं निकामी करतं, मग अमॉक्सिसिलिनला वाट मोकळी होते. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्युलिजेरस नावाच्या जिवाणूपासून हा घटक १९७० च्या दशकात मिळाला आणि १९८१ साली ब्रिटनमध्ये ही जोडी बाजारात आली.

हे एवढं सांगायचं कारण असं की या गोळीचे काउंटरवर मला दिसणारे बहुतेक घोळ त्या १२५ पाशी होतात. जेवणाची वेळ, पावसाळ्यातली ओल, जुलाब, कावीळ, छोट्या गोळ्या जोडून मोठी करण्याचा हिशोब, सगळं तिथे येऊन थांबतं. १२५ सांभाळले की अर्ध्याहून जास्त काम झालं.

चिठ्ठी कशासाठी लागते

"सर्दीच आहे ताई, दोन गोळ्या द्या, डॉक्टरकडे कुठं जायचं त्यासाठी." रोज ऐकते हे. सर्दी, फ्लू, कोविड, डेंग्यू, चिकुनगुन्या हे सगळे विषाणूंचे आजार. विषाणूला अशी भिंतच नसते, त्यामुळे ही गोळी त्याला काहीही करू शकत नाही. शेंबूड किंवा बेडका पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणूच आहेत, असंही नाही. घसादुखीसुद्धा बहुतेक वेळा विषाणूचीच असते.

ही गोळी कायद्याने शेड्यूल एच मध्ये येते, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. स्ट्रिपच्या मागे एक उभी लाल रेघ असते ती बघा. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीम काढली, लोकांना अँटिबायोटिक नजरेनं ओळखता यावं म्हणून.

आमच्याकडच्या बागायतदारांना मी हे त्यांच्या बागेवरून सांगते. द्राक्षावर भुरी आली आणि एकच बुरशीनाशक कमी मात्रेत, पुन्हा पुन्हा मारलं, की पुढच्या हंगामात भुरी त्या औषधाला दाद देत नाही. हे तात्यांना, आण्णांना कुणी शिकवावं लागत नाही, त्यांनी पैसे घालून शिकलेलं असतं. अंगातल्या जंतूंचं तसंच आहे. सर्दीला दोन गोळ्या घेतल्या तर सर्दीचा विषाणू तसाच राहतो, पण आतड्यातल्या, घशातल्या जिवाणूंवर कमी मात्रेची फवारणी होते. त्यातले चिवट तेवढे उरतात. पुढे लघवीचं इन्फेक्शन झालं की कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायच्या तपासणीच्या, रिपोर्टवर औषधांपुढे "आर", "आर", "आर" अशी ओळ येते, म्हणजे ती औषधं त्या जंतूवर चालत नाहीत. असे रिपोर्ट हातात घेऊन लोक येतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण मग गोळीवर भागत नाही, सलाईन आणि इंजेक्शनं लागतात.

कुत्रं चावल्यावर ही गोळी देतात, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे गैरसमज जिवावर बेततो. चाव्याच्या जखमेत कुत्र्याच्या तोंडातले तऱ्हेतऱ्हेचे जिवाणू जातात आणि जखम पिकू शकते, म्हणून डॉक्टर ६२५ लिहितात, आणि ती या कामाला उत्तमही आहे. पण रेबीज हा विषाणूचा आजार. त्याच्यावर या गोळीचा शून्य उपयोग. "गोळ्या चालू केल्यात, इंजेक्शनची गरज नाही" असं म्हणणारे भेटतात. मी त्यांना सोडत नाही. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा, रेबीजची लस सुरू करा आणि पुढच्या सगळ्या तारखा पाळा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, द्यावं लागतं. हे सगळं करून मग गोळी.

गोळी घेण्याआधी हे सांगा, विचारलं नाही तरी सांगा

पेनिसिलिनची ॲलर्जी. इंजेक्शनने किंवा कुठल्याही अँटिबायोटिकने कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ-डोळे सुजले होते का, धाप लागली होती का, हे आठवा. झालं असेल तर ही गोळी घेऊ नका, डॉक्टरांना परत फोन करा. मॉक्स, नोव्हामॉक्स, ॲम्पिसिलिन यांची ॲलर्जी म्हणजे हिचीही धरायची, कारण औषध एकाच घराण्यातलं. उलट, पूर्वी कधी एखाद्या गोळीने नुसते जुलाब झाले असतील तर ती ॲलर्जी नव्हे. म्हणून "मला ॲलर्जी आहे" एवढंच न सांगता काय झालं होतं, किती वेळाने झालं होतं, ते सांगा. त्यावरून डॉक्टरांना ठरवता येतं.

याच गोळीने आधी कावीळ झाली असेल तर ती पुन्हा घ्यायची नाही.

किडनीचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर मात्रा कमी करावी लागू शकते. अशा माणसाने शेवटचा रिपोर्ट खिशातच ठेवावा.

चालू औषधांपैकी तीन मला काळजीची वाटतात. एक, हृदयाची झडप बदललेल्यांना देतात ती वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम. या अँटिबायोटिकबरोबर रक्त जास्त पातळ होऊ शकतं, तेव्हा पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी तपासणी, कधी करायची ते विचारून घ्या. दोन, सांधेवातासाठी आठवड्यातून एकदा घेतात ती मेथोट्रेक्सेट. ती अंगातून बाहेर पडायला वेळ लागतो आणि तिचे दुष्परिणाम वाढू शकतात. तीन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, हिच्यासोबत अंगावर पुरळ यायची शक्यता वाढते. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा. ही गोळी त्यांना देतात, पण डॉक्टरांच्या कानावर घालून.

दोन ३७५ म्हणजे एक ६२५ नाही

"तिकडच्या मेडिकलमध्ये ६२५ नव्हती, मग ३७५ च्या दोन घेतल्या, उलट जास्तच झालं ना?" हा हिशोब चुकतो. ३७५ मध्ये २५० अमॉक्सिसिलिन असतं आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड मात्र तेवढंच, १२५. दोन घेतल्या की ५०० आणि २५० झाले. जंतू मारणारं औषध तेवढंच राहिलं आणि पोट बिघडवणारा भाग दुप्पट गेला. तसंच हजारच्या गोळीचं. तिच्यात ८७५ आणि १२५ असतात, म्हणून तिची अर्धी केली तर ६२५ ची भरपाई होत नाही, दोन्ही घटक कमी पडतात. चिठ्ठीवर जो आकडा आहे तोच घ्या. कंपनी बदलली तर चालतं, जनऔषधी केंद्रातली जेनेरिक घेतली तरी चालतं, आकडा बदलला तर चालत नाही.

आणि नावं वाचा. नावात "क्लॅव" किंवा "सीव्ही" दिसलं की बहुतेक वेळा हेच औषध असतं. खात्रीसाठी ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेले घटक बघा. दाताच्या डॉक्टरांनी एका नावाने दिली, कानाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने, आणि आक्का दोन्ही घेताहेत, असं होतं. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची स्ट्रिपच सोबत न्या.

पहिल्या घासाबरोबर

बऱ्याच जणांना ही गोळी जेवणानंतर घ्यायची सवय असते, काहीजण उपाशीपोटी घेतात. या गोळीला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे जेवायला बसल्यावर, पहिल्या दोन-चार घासांबरोबर. अन्नासोबत क्लॅव्युलॅनिक ॲसिड रक्तात जास्त चांगलं उतरतं आणि मळमळ, जुलाब कमी होतात. चहा-बिस्किटावर भागवू नका. भाकरी, पोळी, पोहे, उपीट, काहीही चालेल, पण पोटात अन्न पाहिजे.

चिठ्ठीवर १-०-१ असेल तर त्याचा अर्थ बारा-बारा तासांनी. इथे गावाकडे सकाळची न्याहारी दहाला आणि रात्रीचं जेवण सातला असतं. मग एक अंतर नऊ तासांचं आणि दुसरं पंधरा तासांचं पडतं, आणि त्या लांबलेल्या रात्रीत रक्तातलं औषध फार खाली जातं. कोर्स चालू असेपर्यंत सकाळी आठ आणि रात्री आठ, असं खाणं जरा सरकवून घ्या. १-१-१ असेल तर आठ-आठ तासांच्या जवळपास.

दुधाबरोबर चालते का? चालते. काही दुसऱ्या अँटिबायोटिकना, उदाहरणार्थ सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिनला, दूध आडवं येतं. त्यावरून सगळ्याच गोळ्यांना दूध वर्ज्य असा समज पसरलाय. हिला दूध, दही, ताक काही आडवं येत नाही.

गोळी मोठी आहे, म्हाताऱ्या माणसांच्या घशात अडकते. मधे रेघ असेल तर तिथून दोन तुकडे करा, पण दोन्ही तुकडे लागोपाठ तिथंच गिळायचे. अर्धा आत्ता, अर्धा दुपारी, असं नाही. पेलाभर पाणी प्या आणि लगेच आडवं होऊ नका.

डोस चुकला तर आठवल्यावर घ्या, खाण्याबरोबर. पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नका.

ओलीपासून जपा

क्लॅव्युलॅनिक ॲसिड हवेतली ओल पटकन शोषतं आणि खराब होतं. म्हणूनच ही गोळी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात मिळत नाही. दोन्ही बाजूंनी जाड ॲल्युमिनियम असतं, आणि काही कंपन्यांच्या स्ट्रिप वर आणखी एका पाऊचमध्ये, ओल शोषणाऱ्या पुडीसकट येतात. ती पुडी खायची नाही, फेकायचीही घाई करू नका, औषध संपेपर्यंत पाऊचमध्येच राहू द्या.

मुलं हल्ली आई-वडिलांसाठी सोमवार ते रविवार कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी आणतात. बीपी-शुगरच्या गोळ्यांना ती चांगली. ही गोळी मात्र त्यात काढून ठेवू नका. खायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढा. न्हाणीजवळच्या कोनाड्यात, गॅसच्या वरच्या फळीवर, फ्रिजवर ठेवू नका. पावसाळ्यात तर पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेली बरी.

गोळी काढली की तळहातावर घेऊन क्षणभर बघा. एकसारखी पांढरी किंवा किंचित पिवळसर, गुळगुळीत, कोरडी असली पाहिजे. तपकिरी ठिपके दिसले, वरचं आवरण तडकलंय, गोळी फुगलीय किंवा बोटाला चिकटतेय, तर ती तोंडात घालू नका. स्ट्रिपसकट मेडिकलमध्ये परत आणा. बिल जपून ठेवलं असेल तर बॅच नंबरवरून तक्रार पुढे नेता येते. स्ट्रिप कापून घेणार असाल तर एक्सपायरी छापलेला तुकडा तुमच्याकडे येईल अशी कापून मागा, किंवा निदान तिचा फोटो काढा.

लहान मुलांचं सिरप

बाटलीत कोरडी पावडर असते. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. आधी रेघेच्या बरंच खाली राहील इतकं पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस खाली बसू द्या, मग बाटलीवरच्या रेघेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवा. फेस असतानाच रेघ गाठली तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. बाटलीवर पेनाने तारीख टाका. फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि लेबलवर जितके दिवस लिहिलेत, सहसा सात, त्यानंतर उरलेलं वापरू नका. प्रत्येक वेळी देण्याआधी हलवा. माप बाटलीसोबत मिळालेल्या झाकणाने किंवा सिरिंजने घ्या. घरातले चमचे लहान-मोठे असतात.

सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, उदाहरणार्थ पाच मिलिलिटरमध्ये २२८.५ मिलिग्रॅम आणि ४५७ मिलिग्रॅम. यातलं दुसरं पहिल्याच्या दुप्पट. मागच्या वेळी थोरल्याला अर्धा चमचा दिला होता म्हणून धाकट्यालाही तेवढाच, असं कधीही करू नका. मुलांची मात्रा वजनावर ठरते. घरी फ्रिज नसेल तर दवाखान्यातच सांगा. पाण्यात विरघळणारी लहान मुलांची गोळीही मिळते, डॉक्टर ती लिहून देऊ शकतात.

पोट बिघडलं तर

दिवसातून दोन-तीनदा पातळ होणं या गोळीने बऱ्याच जणांना होतं, कारण पुन्हा तो १२५ चा घटक. ओआरएस, ताक, मऊ भात, आणि गोळी खाण्याबरोबरच, एवढ्याने सहसा निभतं. पण पाण्यासारखे वरचेवर जुलाब, शौचात रक्त किंवा आव, पोटात कळा आणि ताप, यांपैकी काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. जुलाब बांधायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका, अशा वेळी ती त्रास वाढवू शकते. हे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं. नावापुढे "एलबी" असलेल्या गोळ्यांत लॅक्टोबॅसिलस घातलेलं असतं. माझं मत विचाराल तर त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यापेक्षा वाटीभर ताजं दही खा.

तोंडात पांढरा थर किंवा बायकांना खाली खाज आणि पांढरं जाणं हेही होतं. ही बुरशी असते, तिचं औषध वेगळं. लाजून अंगावर काढू नका.

अंगावर गांधी उठल्या किंवा पुरळ आलं तर पुढची गोळी घेऊ नका, फोन करा. ओठ, जीभ, चेहरा सुजला, श्वास घ्यायला जड जातंय, आवाज बसला, चक्कर येऊन डोळ्यापुढे अंधारी आली, तर फोनवर विचारत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचं रुग्णालय गाठा. हे सहसा गोळी घेतल्यावर मिनिटांत ते तासाभरात होतं, म्हणून पहिला डोस घरात कुणीतरी सोबत असताना घ्यावा.

किती दिवस, आणि नंतर काय

डॉक्टरांनी पाच दिवस लिहिले असतील तर पाच, सात लिहिले असतील तर सात. तिसऱ्या दिवशी ठणका गेला म्हणून आपणच बंद करू नका, आणि बरं वाटतंय म्हणून आणखी एक स्ट्रिपही आणू नका. दोन-तीन दिवसांत ताप, सूज काहीच उतरलं नाही तर परत दाखवा. दाढेत पू साठलेला असेल तर नुसत्या गोळीने तो जाणार नाही, दाताचं काम करावंच लागतं. गोळी पुरवून पुरवून दाढ पुढे ढकलणारे फार आहेत.

उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, शेजारच्या वहिनींनाही देऊ नका. संडासात, गटारात, विहिरीजवळ टाकू नका. तुमच्या मेडिकलवाल्याला परत घेतो का विचारा. नसेल घेत तर स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवी घट्ट बांधा आणि कचऱ्याच्या गाडीत द्या.

शेवटची गोष्ट कोर्स संपल्यानंतरची. या गोळीने क्वचित कावीळ होते, उतारवयात आणि पुरुषांमध्ये जास्त, आणि ती कधीकधी गोळ्या बंद झाल्यावर काही आठवड्यांनी उठते. तोवर लोक गोळी विसरून गेलेले असतात. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, शौच पांढुरकं झालं, अंगभर खाज सुटली, तर झाडपाल्याच्या मागे न लागता लिव्हरची तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा की मागे ६२५ चा कोर्स झाला होता, अमुक तारखेला संपला. त्यासाठी चिठ्ठीचा एक फोटो मोबाईलमध्ये राहू द्या.